प्रार्थना पुस्तकातली की मनातली?

विदर्भातल्या गावांत ख्रिस्ती घरं थोडी. एखाद्या गावात चार, एखाद्यात दहा-बारा. पण तेवढ्या घरांतही प्रार्थनेच्या दोन तऱ्हा दिसतात, आणि हल्ली त्यावरून वाद होतो. जुनी माणसं छापील पुस्तक हातात घेतात, एक स्तोत्र वाचतात, सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. तरुण पोरंपोरी शहरातल्या एखाद्या फेलोशिपमधून किंवा मोबाइलवरच्या सभा पाहून आलेली असतात. ती डोळे मिटून, हात वर करून, आपल्याच शब्दांत मोठ्यानं बोलू लागतात. एक बाजू म्हणते, "हे पाठांतर झालं, यात जीव नाही." दुसरी म्हणते, "ही नुसती बडबड आहे, याला वचनाचा आधार कुठाय?" यात कोंडी होते ती साध्या माणसांची. फारसं न शिकलेली बाई, नवा विश्वासणारा मजूर, यांना वाटायला लागतं की आपली प्रार्थना देवापर्यंत पोचतच नसेल. ही भीती काढून टाकावी, म्हणून हा विषय पायापासून सांगतो.

## आधी चार शब्द

बायबलला मराठी ख्रिस्ती माणूस 'पवित्र शास्त्र' म्हणतो आणि त्यातल्या ओळीला 'वचन'. त्यात 'स्तोत्रसंहिता' नावाचा भाग आहे, देवाला उद्देशून रचलेली १५० गीतं. रविवारी काय म्हणायचं आणि कोणत्या क्रमानं, हे आधीच ठरलेलं असेल तर तो 'उपासनाक्रम'. आणि कुणी ऐन वेळी आपल्या शब्दांत केलेली ती 'मुक्त प्रार्थना'. एकत्र उपासना करणाऱ्या विश्वासणाऱ्यांना 'मंडळी' म्हणतात आणि तिच्या धर्मगुरूला 'पाळक'.

ज्यांनी ख्रिस्ती उपासना कधी पाहिली नाही, त्यांनी कीर्तन आठवावं. कीर्तनकार उभा राहतो तो एखाद्या संताचा अभंग घेऊन. अभंगाचा शब्द तो बदलत नाही. निरूपण मात्र त्याचं स्वतःचं असतं, त्या गावाचं, त्या दिवसाचं असतं. अभंगच नसेल तर निरूपण कशावर करणार? आणि नुसता अभंग म्हणून तो खाली बसला तर लोक म्हणतील, महाराज, कीर्तन कधी सुरू होणार? शास्त्राचे शब्द आणि आपले शब्द यांचं नातं साधारण असंच आहे. भांडण होतं ते दोघांपैकी एकालाच घरात ठेवायचं म्हटल्यावर.

## प्रभू येशूने काय केलं?

पुस्तकी प्रार्थनेला विरोध करणारे मत्तयाच्या शुभवर्तमानातला, म्हणजे मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातला, सहावा अध्याय पुढे करतात. तिथे येशू शिष्यांना सांगतो की प्रार्थना करताना व्यर्थ बडबड करू नका. हे सातवं वचन. पण नवव्या वचनापासून तोच येशू त्यांना म्हणायला शब्द देतो: "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." हीच 'प्रभूची प्रार्थना'. म्हणजे त्याचा आक्षेप ठरलेल्या शब्दांवर नव्हता. जास्त बोललं की देव ऐकतो, या समजुतीवर होता. लूकच्या शुभवर्तमानात हीच प्रार्थना अकराव्या अध्यायात येते आणि ती मत्तयातल्यापेक्षा आखूड आहे. शब्द दिले, पण अक्षर हललं तर पाप लागेल असंही नाही, हे यावरून दिसतं.

पुढे गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, येशू जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करतो. ते शब्द कुठल्या पुस्तकातले नाहीत, त्याच्या जिवाच्या तळमळीतले आहेत. मत्तय इतकंच सांगून थांबत नाही. त्यानं तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं तो लिहितो. दुःख खरं असलं की माणूस नवेनवे शब्द शोधत बसत नाही, तेच तेच म्हणतो. मय्यतीच्या घरी बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

आणि क्रुसावर? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. लूक जे शेवटचे शब्द देतो, तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो, ते एकतिसाव्या स्तोत्रातले आहेत. मरणाच्या वेळी त्याच्या ओठांवर लहानपणापासून ऐकलेली वचनं आली. ती मनापासून नव्हती, असं कोण म्हणेल?

## पहिल्या मंडळीत दोन्ही होतं

पवित्र शास्त्रातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान अधिकाऱ्यांच्या धमक्या ऐकून परत येतात. सगळे विश्वासणारे मिळून प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेत आधी दुसऱ्या स्तोत्रातल्या ओळी येतात, राष्ट्रं का खवळली, राजे का उठले. मग लगेच त्यांच्या काळातल्या सत्ताधाऱ्यांची नावं येतात: हेरोद आणि पंतय पिलात. आणि मग मागणं: आता यांच्या धमक्यांकडे पाहा. जुनं वचन, चालू बातमी, आपली गरज, सारं एकाच प्रार्थनेत. त्यानंतर ती जागा हादरली आणि ते सर्व पवित्र आत्म्याने भरून गेले, असं लिहिलं आहे. आत्मा आला की पुस्तक मिटतं, असं सांगणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेली 'डिडाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा, असं ती सांगते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या, वेळी म्हणायचे शब्दही देते. आणि लगेच पुढे म्हणते की संदेष्ट्यांना मात्र त्यांना हवी तेवढी उपकारस्तुती करू द्या. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. आधी शास्त्रवाचन, वेळ असेल तेवढं. मग उपदेश. मग पुढारी आपल्या कुवतीप्रमाणे प्रार्थना करतो आणि लोक 'आमेन' म्हणतात. वाचन ठरलेल्या ग्रंथांतलं, प्रार्थना त्याच्या कुवतीची.

## मग भांडण कुठून आलं?

यातलं बरंचसं युरोपातून आलं. इंग्लंडमध्ये १५४९ साली सगळ्या मंडळ्यांसाठी एकच प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. पुस्तक वाईट नव्हतं. सक्ती जाचली. १६३७ साली स्कॉटलंडवर तसंच पुस्तक लादायला गेले, तर एडिनबरोच्या मुख्य चर्चमध्ये दंगल झाली. १६६२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये असं पुस्तक पूर्ण न स्वीकारणाऱ्या सुमारे २,००० पाळकांना आपली मंडळी सोडावी लागली. मुक्त प्रार्थनेसाठी लोकांनी तुरुंगवास सोसला आहे. तिला 'नवं फॅड' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता आपल्याकडे येऊ. १८४५ च्या सुमारास नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या परंपरेत पाळक प्रार्थना आपल्या शब्दांत करी, पण गायची ती मुख्यतः स्तोत्रसंहितेतली गीतं. म्हणजे बोलणं मुक्त, गाणं शास्त्राचं. आज आपल्या बहुतेक मंडळ्यांत याच्या उलट दिसतं. नंतर वऱ्हाडात वेगवेगळ्या मिशन आल्या आणि त्यांनी आपापली रीत आणली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये वेगवेगळे ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. त्यात पुस्तकातून प्रार्थना करणारे अँग्लिकन होते आणि मुक्त प्रार्थना करणारे बाप्टिस्ट, डिसायपल्स, ब्रदरनही होते. त्यांनी कुणालाच आपली रीत टाकून द्यायला लावली नाही. हे घडलं विदर्भात. तरी आपल्याच गावांत हा वाद जणू आजवर कुणी सोडवलाच नाही असा चालतो, याचं मला वाईट वाटतं.

महाराष्ट्रातलं आणखी एक उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी जागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. त्याच रमाबाई आयुष्याच्या शेवटापर्यंत हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये ते छापून पूर्ण झालं. मुलींचा तो आक्रोशही त्यांनी थांबवला नाही आणि शास्त्रावरचं कामही सोडलं नाही.

## मुक्त प्रार्थना खरंच मुक्त असते का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून इथे जरा थांबू. आपल्या भागातल्या पाच-सहा घरप्रार्थना लक्ष देऊन ऐका. सुरुवात: "प्रेमळ पित्या, या सुंदर दिवसासाठी तुझे उपकार मानतो." मग कुटुंबासाठी आशीर्वाद, आजाऱ्यांना आरोग्य, पाळकांना सामर्थ्य. शेवट: "येशूच्या नावाने मागतो, आमेन." मधे दर दोन शब्दांनी 'प्रभू, प्रभू'. यात चूक काही नाही. पण हासुद्धा एक उपासनाक्रमच आहे, फक्त छापलेला नाही. ज्याला आपण मनातलं म्हणतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलंच असतं. मूल बोलायला शिकतं ते आईचं ऐकून, प्रार्थनेचंही तसंच होतं. म्हणून मुक्त प्रार्थना खोटी ठरत नाही. फक्त ती कोणाचं ऐकून घडली, हे पाहायला हवं.

आणि या न छापलेल्या क्रमात एक गोष्ट जवळपास कधीच येत नाही. तक्रार.

वावरातलं पीक गेलं तरी घरप्रार्थनेत "तुझे उपकार" हेच पहिले शब्द. पोरगा गेला तरी "तुझी इच्छा पूर्ण होवो" हे घाईघाईनं म्हटलं जातं. देवाला "काहून असं केलं?" असं विचारायची हिंमत होत नाही. विचारलं तर विश्वास कमी पडला, असं आजूबाजूचे समजतील ही भीती. मग माणूस दोन भाषा बोलायला लागतो. मंडळीत उपकारस्तुती आणि रात्री अंथरुणात गप्प.

पवित्र शास्त्रात असं नाही. दीडशेपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्तोत्रं विलापाची आहेत, असं अभ्यासक साधारणपणे मानतात. विलापस्तोत्र म्हणजे देवापुढे मांडलेलं गाऱ्हाणं. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत कवी देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? चव्वेचाळिसाव्यात तर लोक देवालाच म्हणतात, जागा हो, झोपलास का? ही गाऱ्हाणी बहुधा शेवटी भरवशावर येतात. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तसंही करत नाही. ते अंधारात सुरू राहतं आणि अंधारातच थांबतं. ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांना ते स्तोत्र गाळता आलं असतं. त्यांनी ठेवलं.

विदर्भातल्या माणसाला हे कळावं, असं मला मनापासून वाटतं. हबक्कूक संदेष्टा आपल्या शेवटच्या अध्यायात पिकांचा हिशेब मांडतो: अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत. योएल शेतकऱ्यांना सांगतो, गव्हासाठी, जवासाठी आक्रोश करा, पीक नासलं आहे. कर्जात बुडालेल्या, जगणं नकोसं झालेल्या माणसाला आपण "विश्वास ठेव भाऊ" एवढंच म्हणतो. त्याला रडायला शब्द शास्त्राने आधीच देऊन ठेवले आहेत. ते त्याच्या हाती द्यायचे आपण विसरलो.

शास्त्राच्या शब्दांचं मोल इथे आहे. देवाशी काय काय बोलता येतं, ते त्यांतून कळतं. नुसत्या आपल्या मनावर सोडलं तर आपण आपल्याला जमेल, शोभेल तेवढंच बोलतो.

## मग पुस्तकच पुरे नाही का?

नाही. योएलच्या पुस्तकात टोळ आहेत, बोंडअळी नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या घरांत बसून प्रार्थना करणाऱ्याने कपाशी, फवारा, दवाखाना, त्या माणसाचं नाव हे काहीच घेतलं नाही आणि फक्त छापील पान वाचलं, तर ते पान त्या घराचं होत नाही. पहिल्या मंडळीने हेरोदाचं नाव घेतलं होतं. आपणही नावं घ्यावीत.

भाषेचाही प्रश्न आहे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी, गावोगावी वऱ्हाडी बोलणारी माणसं मराठी शास्त्र वाचतात, पण त्यांच्या पोटातलं दुःख त्या भाषेत नसतं. "देवा, वावरात काहीच नाही उरलं, आता तूच पाह्य" ही पूर्ण प्रार्थना आहे. तिला शुद्ध मराठीत बसवायची गरज नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की मंडळीत कुणाला न समजणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बोललेले मला बरे. आणि ज्याला पाच शब्दही सुचत नाहीत, त्याच्यासाठी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलं आहे की आपल्याला कशी प्रार्थना करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी आपल्यासाठी विनंती करतो.

शिवाय आजचे आपले शब्द उद्याचं पुस्तक होतात. नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने नवा करार (पवित्र शास्त्राचा येशूपासूनचा भाग) दिला. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अभंगाच्या, ओवीच्या वळणाने जी गीतं रचली, ती तेव्हा त्यांच्या मनातली होती. आज ती 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात छापलेली आहेत, आणि आपण ती ठरलेली गीतं म्हणून गातो. टिळकांनी आपल्या शब्दांत गायचं नाही असं ठरवलं असतं, तर आपल्याकडे भाषांतरित चालीच उरल्या असत्या.

## वचन म्हटलं म्हणजे झालं का?

एक इशारा द्यायलाच हवा. वचनं मंत्रासारखी वापरायची सवय वाढते आहे. अमुक वचन इतक्या वेळा म्हणा, आजार जाईल, कर्ज फिटेल. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावरून उडी मारायला सांगतो आणि त्यासाठी एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचनच पुढे करतो. वचन खरं, वापर खोटा. येशू त्याला दुसऱ्या वचनानेच उत्तर देतो, की देवाची परीक्षा पाहू नको. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं सोडून वचन म्हणत बसायला कुणी सांगत असेल, तर त्याचं ऐकू नये.

कॅलेंडरवर हमखास छापलं जाणारं वचन यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो. हे वचन यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीचं दहावं वचन कॅलेंडरवर नसतं. त्यात लिहिलं आहे की बाबेलमध्ये सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर वर्षं! ज्यांनी ते पत्र ऐकलं, त्यांतल्या बहुतेकांना परत जाणं पाहायला मिळणार नव्हतं. वचन आपल्या प्रार्थनेत घ्यायचं तर त्याच्या आजूबाजूचंही घ्यावं लागतं.

## घरच्या प्रार्थनेत काय करता येईल?

फार काही लागत नाही. संध्याकाळी एक स्तोत्र घ्या, छोटं. वाचता येणाऱ्या एकाने सावकाश वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. एखादी ओळ मनाला भिडली की तिथे थांबून प्रत्येकाने एक-दोन वाक्यं आपल्या बोलीत जोडावीत. प्रभूच्या प्रार्थनेचंही असंच करता येतं. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" म्हटलं की गावात कोणाच्या घरी चूल पेटली नाही, त्याचं नाव घ्यावं. ज्याला बोलायचं नाही, त्याच्यावर बळजबरी करू नये, त्याचं 'आमेन' पुरे.

नेहमी एकाच माणसाने प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही रीतही मोडावी. घरातली म्हातारी, ज्यांना वाचता येत नाही पण तेविसावं स्तोत्र तोंडपाठ आहे, त्यांना ते म्हणायला सांगावं आणि नातवंडांनी त्यांच्यामागून म्हणावं. संडे स्कूलमध्ये आपण मुलांकडून "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" पाठ करून घेतो, ते बरोबरच आहे. मोठ्या मुलांकडून त्याच्या आधीचं बाविसावं आणि तेरावंही पाठ करून घ्यावं. तेरावं तर सहाच वचनांचं आहे. दोन-तीन रविवारांत होतं.